ईगलच्या अंगावरचा अर्धा अंगठा: एका जुन्या किटचं प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाटच्या बाजूचं एक गाव. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहतात आणि यातल्या चुका आम्हा तिघांच्या आहेत. तिघं म्हणजे गुरुजी, पेंटर आणि मी.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. पेंटर त्यांचाच चौथीतला विद्यार्थी. गावात त्याला सगळे पेंटरच म्हणतात, बायकोसुद्धा. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची अक्षरं आणि तान्ह्या पोळ्याआधी लाकडी नंदी रंगवणं, हा त्याचा वर्षाचा धंदा. आमच्या भागात तान्हा पोळा, म्हणजे पोरांनी लाकडी नंदी मिरवायचा सण, काय असतो हे ज्यांनी सिंदी रेल्वेचा पोळा पाहिला आहे त्यांना सांगायला नको. मी तालुक्याच्या ठिकाणी राहतो. प्लास्टिकची मॉडेलं जोडायची हौस आहे, म्हणून मला यात ओढलं.

वस्तू होती अपोलो मोहिमेतल्या चंद्रावर उतरणाऱ्या यानाचं, म्हणजे लूनर मॉड्यूलचं, 1:48 प्रमाणातलं प्लास्टिक किट. गुरुजींचे थोरले बंधू मालवाहू जहाजावर नोकरीला होते. त्यांनी ते 1971 च्या सुमारास कुठल्यातरी बंदरातून आणलं, सुट्टीत अर्धं जोडलं आणि पुढच्या जहाजावर निघून गेले. मग ते पेटीत गेलं आणि पेटी माळ्यावर गेली. बंधू वारले, घराची वाटणी झाली, आणि गुरुजींच्या वाट्याला ज्या तीन पेट्या आल्या त्यातल्या एकीत हे निघालं.

गुरुजींना ते 23 ऑगस्टच्या आत पूर्ण करून शाळेत ठेवायचं होतं. 2023 साली त्या तारखेला चंद्रयान-3 चं विक्रम उतरलं, तेव्हापासून तो राष्ट्रीय अंतराळ दिन झाला. शिवाय गावातल्या पोरांना आकाशाचं वेड आधीच लागलेलं होतं. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी आकाशातून जळत जाणारे गोळे अख्ख्या विदर्भाने पाहिले होते, आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला रॉकेटची भलीमोठी धातूची कडी पडली होती. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आकाशातून लोखंड पडतं म्हटल्यावर पोरं वर बघणारच.

अडचण

पेटी उघडली तेव्हाची स्थिती अशी. यानाचा वरचा भाग, ज्यात बसून माणसं परत निघतात तो, जोडलेला. पण दोन अर्धे एकमेकांवर नीट बसलेले नव्हते आणि सांध्यातून सिमेंट, म्हणजे प्लास्टिक चिकटवायचा द्रव, बाहेर येऊन पसरलेलं. खालचा आठकोनी भाग आणि चार पाय अजून चौकटीला, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या सांगाड्यात येतात त्याला, लागलेले. एका पायाची तबकडी उंदराने कुरतडलेली. पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं पिवळी पडून भेगाळलेली. माहितीच्या कागदाला कसर लागलेली.

यातलं काहीच फार कठीण नव्हतं. पन्नास वर्षांचं पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, थोडं ठिसूळ होतं, पण जोडता येतं. खरी अडचण मला जूनमध्ये कळली, आणि ती एप्रिलमध्येच कळायला हवी होती: आम्ही प्रत्येक जण वेगळंच यान बनवत होतो. गुरुजींना भावाचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं होतं. मला 20 जुलै 1969 ला चंद्रावरच्या शांतिसागर नावाच्या मैदानावर उतरलेलं अपोलो 11 चं यान, ईगल, हवं होतं, पायापायाला बरोबर. पेंटरच्या डोळ्यासमोर पोळ्यातला नंदी होता; लोकांनी लांबून पाहून वा म्हणावं असं काहीतरी. आणि मुख्याध्यापकांना त्यावर तिरंगा हवा होता. हे कोणीच कोणाला विचारलं नाही. सगळे म्हणत होते, "चांगलं झालं पाहिजे."

वेळेची अडचण वेगळी. ऑगस्ट लागला की पेंटरकडे नंद्यांची रांग लागते. म्हणजे जुलैअखेर काम उरकायला हवं. आणि रंगकाम एप्रिल ते जुलै, म्हणजे आपल्याकडच्या भट्टीत सुरू करून दमट हवेत संपवायचं.

पर्याय

पहिला पर्याय होता काही न करता आहे तसं काचेत ठेवायचं. न उघडलेल्या जुन्या किटला संग्राहक चांगले पैसे मोजतात, पण अर्धं चिकटवलेल्याला जवळपास काहीच नाही. त्यामुळे किंमत घालवण्याची भीती नव्हती. गुरुजींनी हा पर्याय एका वाक्यात मोडला: "अर्धवट तर ते पन्नास वर्षं होतंच."

दुसरा, माहितीच्या कागदाप्रमाणे रंगवायचं: वर चंदेरी, खाली सोनेरी, संपलं. बंधूंनी पुरं केलं असतं तर असंच केलं असतं. सोपं होतं, आणि आता मागे वळून पाहता त्यात एक प्रामाणिकपणाही होता. पण सोनेरी रंगाने खालचा भाग मिठाईच्या डब्यासारखा दिसतो.

तिसरा माझा. खऱ्या यानाच्या छायाचित्रांवरून हुबेहूब. हे यान 7 मीटर उंच होतं, पाय फाकवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे 9.4 मीटर, 1:48 मध्ये पंधरा सेंटिमीटरला जरा कमी उंची आणि साडेएकोणीस सेंटिमीटर पसारा. चंद्रावर हवा नाही, म्हणून त्याला निमुळतं, गुळगुळीत असायची गरज नव्हती. ते एखाद्या मोडक्या कपाटाला पाय फुटावेत तसं दिसतं. त्यावर काळे, करडे, चंदेरी पत्रे आणि खाली चुरगळलेल्या अंबरी कागदाचं वेष्टण. हा कागद सोन्याचा नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. तो कॅप्टॉन नावाचा पातळ प्लास्टिकचा पडदा. त्याचा स्वतःचा रंग मधासारखा, आणि आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा मुलामा. मधातून आरसा दिसतो म्हणून सोनं वाटतं. असे अनेक थर एकावर एक, आणि थर एकमेकांना कमीत कमी टेकावेत, उष्णता पुढे जाऊ नये, म्हणून ते हाताने मुद्दाम चुरगळलेले.

चौथा पर्याय पेंटरचा, आणि तो शब्दांत कधी मांडलाच गेला नाही. तो त्याने हाताने करून दाखवला. त्याकडे येतोच.

आम्ही तिसरा धरला. "धरला" म्हणजे मी बोललो आणि बाकीचे गप्प राहिले.

काय केलं

धुणं आणि अंगठा

मॉडेल रंगवण्याआधी कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचं असतं. साच्याचं तेल आणि हाताचा मळ निघतो. पेंटरने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते केलं. मी फोनवर सांगितलं होतं: धू, वाळव, सांध्यावरचं जादा सिमेंट 400 नंबरच्या वॉटर पेपरने घासून सपाट कर. त्याने तसंच केलं. वरच्या भागाच्या उजव्या बाजूला, खिडकीमागे, एक मोठा ओघळ होता. अर्धा घासून झाला आणि त्याने थांबून फोन केला.

"सर, हा डाग नाही होय. बोटाच्या रेघा हायत याच्यावर."

सिमेंट प्लास्टिकला तात्पुरतं विरघळवतं. ते ओलं असताना बोट टेकलं तर ठसा प्लास्टिकातच उठतो आणि वाळल्यावर कायमचा राहतो. पन्नास वर्षांच्या मळाखाली तो कोणालाच दिसला नव्हता, गुरुजींनाही नाही. मी पहिलं काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण प्रकरण लिहायचं तर लिहिलं पाहिजे. मी म्हणालो, "उरलेला पण घासून टाक, नाहीतर काळ्या रंगाखाली उठून दिसेल."

पेंटरने ऐकलं नाही. पाटी खाली ठेवली आणि मॉडेल घेऊन गुरुजींच्या घरी गेला.

गुरुजींनी भिंग आणलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "त्याले धीर कधीच नव्हता. वाळू द्यायचं असते, तर नाही, बोट लावून पाहील." थोड्या वेळाने म्हणाले, "जन्मभर गावाचे अंगठे सोडवून सह्या शिकवल्या मी. घरातला एक राहूनच गेला होता."

तिथून पुढे घासायचा प्रश्न संपला. पण अर्धा अंगठा गेला तो गेलाच. उरलेल्या अर्ध्यावर लांबी भरायची नाही, जाड प्रायमर मारायचा नाही, फक्त पातळ मॅट काळ्याचे दोन हात द्यायचे, म्हणजे बाजूने उजेड पडला की रेघा दिसतील, असं ठरलं. खऱ्या ईगलच्या त्या जागेशी हे जुळत नाही. "हुबेहूब" हा माझा पर्याय तिथेच पहिल्यांदा मोडला, आणि मला ते कळलंही नाही.

थिनरची चूक

पेंटरच्या दुकानात ड्यूको रंग आणि त्याचं थिनर कायम असतं. मोटारसायकलींच्या टाक्या त्यावरच रंगतात. पत्र्यावर ते उत्तम. पॉलिस्टायरीनवर ते ॲसिडासारखं वागतं. मी हे सांगितलं होतं, पण "चौकटीच्या तुकड्यावर आधी करून पाहा" हे सांगायचं राहिलं. त्याने चाचणी घेतली ती थेट खालच्या आठकोनी भागाच्या एका बाजूवर. दोन मिनिटांत पृष्ठभाग फुगून कोळ्याच्या जाळ्यासारखा भेगाळला.

दैव एवढंच की त्या बाजूवर पुढे कागदी वेष्टण येणार होतं, त्यामुळे चूक झाकली गेली. वरच्या भागावर झाली असती तर झाकायला काही नव्हतं. त्यानंतर माझ्याकडचे पाण्यात चालणारे ॲक्रेलिक वापरले, पातळ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. कोरोनाच्या काळात गावच्या मेडिकलवाल्याने त्याचे कॅन भरून ठेवले होते, ते अजून संपले नव्हते.

ऊन, कूलर आणि स्टेपनी

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे. एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या ब्रशमधून, निघालेला रंग मॉडेलपर्यंत पोचायच्या आधी हवेतच वाळून पिठासारखा बसत होता. हात फिरवला तर भाकरीवर पीठ राहावं तसं. पेंटरने सुचवलेला उपाय स्वाभाविक होता, कूलर लावू. कूलर लावला. हवा थंड झाली, दमट झाली, आणि ताट्यांमधले तंतू उडून ओल्या काळ्या रंगावर चिकटले. एका सकाळचं काम पुसून टाकावं लागलं.

मग वेळ बदलली. पहाटे पाचला सुरू, साडेसातला बंद. रंगात थोडं पाणी वाढवलं, म्हणजे वाळायला वेळ मिळतो, आणि ब्रश मॉडेलच्या जवळ आणला. पण पहाटे लाईन असेलच याची खात्री नाही. दोनदा ऐन मध्यात गेली आणि ब्रशला हवा देणारा कॉम्प्रेसर बंद पडला.

उपाय पंक्चरवाल्याने सांगितला. मी आधी नुसत्या ट्यूबमध्ये हवा भरून आणली होती. ती फुगत गेली, दाब काही धरेना, आणि एका जागी असा टेंगूळ आला की मी लांब पळालो. पंक्चरवाला हसला. "ट्यूब एकटी काय धरन जी? टायर पायजे वरून." जीपची स्टेपनी 40 पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) भरली, व्हॉल्व्हला नळी, मध्ये रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप, आणि ब्रशला 15 ते 18 पीएसआय. एका भरणीत छोटा भाग आरामात रंगून होतो, आवाज शून्य, लाईनची गरज नाही. ट्रॅप मात्र हवाच. पंक्चरच्या दुकानातल्या टाकीत पाणी आणि तेल दोन्ही असतं, आणि त्याचा एक थेंब रंगात आला की वर्तुळ उठतं.

याच दिवसांत पेंटरने दोन पाय टिनाच्या शेडवर वाळत घातले. दुपारी आठवण झाली तेव्हा त्यातल्या बारीक कांड्या धनुष्यासारख्या वाकलेल्या. गरम पाण्यात धरून, सरळ पट्टीवर दाबून, गार पाण्यात बुडवून त्या बऱ्यापैकी सरळ केल्या. एक अजून किंचित वाकडी आहे. माहीत असलेल्यालाच दिसते.

बेगड

इथे मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे, कारण इथे मी हरलो आणि मॉडेल जिंकलं.

माझा आराखडा तयार होता: स्वयंपाकघरातली फॉइल चुरगळून लावायची, वर हौशी दुकानातला पारदर्शक पिवळा आणि पारदर्शक नारिंगी रंग फवारायचा. जगभरचे मॉडेलवाले असंच करतात. पेंटरने पोळ्याच्या सामानातून सोनेरी बेगड काढून दाखवली. ती मी नाकारली, आणि ते बरोबर होतं. हल्लीची बेगड प्लास्टिकची असते. चुरगळली की परत उलगडते, घडी धरत नाही, आणि रंग लिंबासारखा.

मग त्याने विचारलं, "सर, याच्या आतमध्ये चांदी अन् वरून पिवळं, असंच होय ना ते?"

"हो."

"मंग आमचा बुढा हेच करे." बुढा म्हणजे त्याचे वडील. ते नंद्यांच्या शिंगांवर आणि झुलीवर पूर्वी कथलाची चंदेरी बेगड लावत आणि वरून चपड्याचे हात देत. चपडा म्हणजे लाखेच्या पापड्या. पळस, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यापासून मिळणारी लाख. सुतार ती स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतात. एक हात दिला तर चांदी मधाळ होते, तीन दिले तर सोनं, पाच दिले तर तांबूस अंबर.

मी म्हणालो, चाचणी घेऊ. एका जुन्या डब्याच्या झाकणावर तीन पट्ट्या केल्या: सोनेरी रंग, माझी पारदर्शक रंगांची फॉइल, त्याची चपड्याची फॉइल. दुसऱ्या दिवशी शाळेच्या टीव्हीवर यानाचं मोठं छायाचित्र लावून शेजारी झाकण धरलं. माझी पट्टी वाईट नव्हती, पण एकसारखी होती. सगळीकडे तोच नारिंगी. चपडा ब्रशने लावल्यामुळे घडीच्या खाचेत साचून गडद झाला होता आणि उंचवट्यावर फिका. खऱ्या वेष्टणाकडे पाहिलं तर तसंच दिसतं. आणि एक फायदा माझ्या रंगांत नव्हता: चपडा बिघडला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुन्हा लावता येतो. ज्या कामात थिनर, अंगठा आणि वाकलेले पाय असं सगळं कायमचं होऊन बसलं होतं, तिथे परत फिरता येणारी एक तरी पायरी मिळाली.

फॉइलबद्दल दोन गोष्टी. स्वयंपाकघरातली फॉइल जाड पडते; तिच्या घड्या 1:48 मध्ये ताडपत्रीसारख्या दिसतात. चॉकलेटच्या वेष्टणातली आतली फॉइल जास्त पातळ. गुरुजींनी नातवंडांकडून महिनाभर गोळा करवली. दुसरं, फेविकॉल. पहिल्या वेळी आम्ही ओल्या फेविकॉलवर फॉइल दाबली. चार दिवसांनी बोट लावलं तर फॉइल सरकली. खाली प्लास्टिक, वर धातू. पाण्याला जायला वाटच नाही, वाळणार कुठून? मग पद्धत बदलली: फेविकॉलचा पातळ हात द्यायचा, तो पारदर्शक आणि चिकट होईपर्यंत थांबायचं, आणि मग फॉइल लावायची. लगेच धरते.

पावसाळा लागल्यावर चपड्याने एकदा दगा दिला. जूनच्या शेवटी झडीच्या दिवशी लावलेला हात दुधासारखा पांढरा पडला. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली ओल त्यात शिरते. उन्हं पडल्यावर स्पिरिटचा हलका हात फिरवला, पांढरेपणा विरघळला. त्यानंतर झडीत काम बंद, एवढाच नियम.

अक्षरं, जमीन आणि तिरंगा

चिकटवायच्या चित्रांवर अक्षरं होती अमेरिकेच्या नावाची, इंग्रजीत. पाण्यात टाकल्याबरोबर ती तुकडे तुकडे झाली. पेंटर म्हणाला, मी हातानं काढतो. दोन-तीन मिलिमीटरची अक्षरं, ट्रॉलीवर फुटाफुटाची काढणाऱ्या माणसाने. पहिला नमुना त्याने कागदावर आणला तो ट्रॉलीच्या थाटाचा: जाड-बारीक रेघा आणि मागे लाल सावली. मी पोट धरून हसलो, मग छायाचित्र दाखवलं. दुसऱ्या नमुन्यात सावली गेली. अंतिम अक्षरं त्याने ब्रशचे केस कापून, दोन-तीनच ठेवून काढली, श्वास रोखून. भिंगातून पाहिलं तर एक अक्षर किंचित डावीकडे कललं आहे. छापील चित्रापेक्षा मला तेच आवडतं.

जमिनीसाठी कोणीतरी लोणारची माती आणा म्हणालं. लोणारचं विवर बेसाल्टमध्ये पडलेलं आहे, चंद्रावरचे काळे सागरही बेसाल्टचेच, म्हणून कल्पना सुचणं साहजिक. पण ते संरक्षित ठिकाण आहे, तिथून माती उचलायची नसते. आणि गरजही नव्हती. आमच्या पायाखालचा काळा दगड तोच. गावाबाहेरच्या क्रशरवरची चुरी आणली, चहाच्या गाळणीतून आणि मग ओढणीच्या कापडातून चाळली. इथे प्रमाण सांभाळावं लागतं: एक मिलिमीटरचा खडा 1:48 मध्ये जवळपास पाच सेंटिमीटरचा दगड होतो. फेविकॉलच्या पाण्यावर पसरल्यावर ती काळीभोर झाली. पेंटर म्हणाला, "हे तं आपलं वावर झालं, सर. पऱ्हाटी लावा." चुलीतली राख चाळून वरून भुरभुरली, तेव्हा करडा रंग आला.

तिरंग्याचा प्रश्न जुलैत आला. मुख्याध्यापकांची इच्छा वाईट नव्हती; अंतराळ दिन आपला आहे, मॉडेलवर आपला झेंडा हवा. पेंटर तयार होता. मी इतिहासाचं लेक्चर देणार होतो, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "पाहुण्याच्या अंगावर आपलं आडनाव कशाले लिहायचं? आपलं यान आपण बनवू." विक्रमचं अंग सुमारे 2 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1.17 मीटर उंच. 48 ने भागलं की सव्वाचार बाय सव्वाचार सेंटिमीटर, उंची अडीचच्या आत. आगपेटीच्या मापाचं. सातवीच्या पोरांनी पुठ्ठ्यातून कापलं, पेंटरने उरलेली फॉइल आणि चपडा दिला, आणि तिरंगा त्याच्यावर आला. फळी मात्र वेगळी केली. ईगल विषुववृत्ताजवळ उतरलं, विक्रम 69 अंश दक्षिणेला; एका मातीवर दोघांना उभं करणं खोटं झालं असतं.

निकाल

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात काम संपलं, ऑगस्टमध्ये पेंटर नंद्यांना मोकळा झाला. खर्च 2,700 रुपयांच्या आसपास, त्यातले 1,400 काचेच्या पेटीचे. पेंटर मजुरी घेत नव्हता. गुरुजींनी तीन मोठ्या नंद्यांचा दर लावून पैसे त्याच्या बायकोकडे दिले, तेव्हा विषय मिटला.

23 ऑगस्टला पोरांनी दोन्ही यानं शेजारी पाहिली. कौतुक सोन्याचं होईल असं पेंटरला वाटत होतं. झालं ते आकाराचं. टीव्हीवर विक्रम एवढं मोठं दिसलं होतं, आणि इथे ते ईगलच्या पायांमधून निघून जाईल एवढंसं. ईगल सुमारे 15 टनांचं आणि विक्रम पावणेदोन टनांचं, हे गुरुजींनी सांगितलं. पण त्याआधीच एका पोरीने आगपेटी काढून मापून पाहिलं होतं.

तासाभरात शिडी मोडली. काचेचं झाकण त्या दिवशी उघडं ठेवलं होतं, आणि बोटं आत जाणारच होती. फेविक्विकने जोडली. पुढच्या उन्हाळ्यात एका कोपऱ्यावरची फॉइल सुटून वर आली. पेटी पश्चिमेच्या खिडकीशी होती, ती आता आतल्या भिंतीला आहे.

पुन्हा करायचं तर

पाण्यात घालायच्या आधी प्रत्येक भागाचा, बाजूने टॉर्च धरून, मालकाच्या समोर फोटो काढेन. वरून पडणाऱ्या उजेडात तो अंगठा ओघळ वाटला. बाजूच्या उजेडात पहिल्या मिनिटाला दिसला असता. सांध्यावरचं जादा सिमेंट म्हणजे घाण, हे आम्हा मॉडेलवाल्यांच्या हाताला इतकं शिकवलेलं असतं की तिथे काही वाचायचं असेल असं वाटतच नाही.

एप्रिलमध्ये गुरुजींच्या ओसरीवर चहाला तासभर सगळ्यांना बसवेन आणि एकच विचारेन: हे कोणाचं यान आहे? गुरुजी "भावाचं" म्हणाले असते, तर मी माझ्या हुबेहूबपणाचा हट्ट तिथेच अर्ध्यावर आणला असता. कदाचित वरचा भाग कागदातल्या साध्या चंदेरीतच ठेवला असता, अंगठा उघडा ठेवून. हा पर्याय अजूनही मला बरोबर वाटतो. पेंटरला वाटत नाही. तो म्हणतो, काळ्यावर रेघा जास्त चांगल्या दिसतात. आम्ही यावर भांडतो.

रसायनाची चाचणी चौकटीच्या तुकड्यावर, हे फोनवर न सांगता कागदावर लिहून देईन. आणि चपडा पहिल्या दिवशी विचारेन. ज्या माणसाने तीस वर्षं लाकडावर चांदीचं सोनं केलं त्याला मी दोन महिने रंगांच्या बाटल्या समजावत बसलो.

आणखी एक छोटी गोष्ट. किटात चारही पायांना लांब सळ्या दिल्या होत्या. खऱ्या यानात त्या सुमारे 1.7 मीटरच्या, जमिनीला टेकल्या की आत दिवा लागायचा. पण ईगलच्या शिडीच्या पायाची सळी उतरणाऱ्याच्या वाटेत येईल म्हणून काढून टाकली होती. आम्ही तीनच लावल्या. प्लास्टिकच्या जाड होत्या, म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायरचे एकेक तंतू घेतले. किटातली चौथी सळी गुरुजींनी त्यांच्या पेनाच्या डबीत ठेवली आहे. दर महिन्याला कोणीतरी पोरगं पेटीसमोर उभं राहून मोजतं आणि धावत येतं, "गुरजी, एक तुटली!" गुरुजी डबी उघडत नाहीत. विचारतात, "शिडी कोण्या पायाले आहे, पाह्यलं का?" आणि पोरगं परत धावत जातं.